फुलर ऑलब्राइट

फुलर ऑलब्राइट (१२ जानेवारी, १९०० – ८ डिसेंबर, १९६९) हे अमेरिकन वैद्यक व अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक होते. हाडांचे विकार आणि शरीरातील कॅल्शियमचे नियमन यांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

जीवन

ऑलब्राइट यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. त्यांचे वडील जॉन ऑलब्राइट हे उद्योगपती होते. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून १९२४ मध्ये पदवी घेतल्यानंतर ते व्हिएन्ना येथे विकृतिशास्त्रज्ञ याकोप एर्डहाइम यांच्याकडे शिकले. पुढे बॉस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

संशोधन

रुग्णाच्या आहारातून किती कॅल्शियम व फॉस्फरस शरीरात जाते आणि मलमूत्रातून किती बाहेर पडते, याचा काटेकोर हिशेब ही त्यांच्या संशोधनाची मुख्य पद्धत होती. या मोजमापांच्या आधारे त्यांनी वरकरणी सारख्या दिसणाऱ्या हाडांच्या विकारांमधील भेद स्पष्ट केले. परावटू ग्रंथींच्या अतिस्रावात हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते व मुतखडे होऊ शकतात. अस्थिमृदुतेत हाडाच्या गाभ्यावर कॅल्शियम नीट साचत नाही. तर अस्थिसुषिरतेत एकूण हाडच कमी पडते.

रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेचा संबंध स्त्रीमदजन या संप्रेरकाच्या अभावाशी असल्याचे त्यांनी १९४०च्या सुमारास दाखवले. या अभावामुळे नवे हाड कमी बनते, असे त्यांचे मत होते. हाडाची झीज वाढणे हे अधिक महत्त्वाचे कारण असल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. १९४२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह असा विकार वर्णिला की ज्यात परावटू संप्रेरक असूनही शरीर त्याला प्रतिसाद देत नाही. रोगाचे कारण संप्रेरकाची उणीव नसून प्रतिसादाची उणीव असू शकते, हा विचार त्या काळी नवा होता. एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला त्यांचा परावटू ग्रंथी व हाडांच्या विकारांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजार व मृत्यू

वयाच्या पस्तिशीच्या सुमारास ऑलब्राइट यांना कंपवात जडला. हातांचा कंप वाढत गेला आणि बोलणे अस्पष्ट झाले, तरी सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी रुग्णसेवा व संशोधन सुरू ठेवले. त्यांचे बरेचसे महत्त्वाचे कार्य या आजारपणातच झाले. १९५६ मध्ये त्यांच्या मेंदूवर, त्या काळी प्रायोगिक असलेली शस्त्रक्रिया करण्यात आली. तीत रक्तस्राव होऊन त्यांची वाचा व भान हरपले. उर्वरित तेरा वर्षे त्यांनी याच अवस्थेत काढली.

अमेरिकेतील अस्थी व खनिज संशोधन संस्था तरुण संशोधकांना त्यांच्या नावाने पुरस्कार देते.