भामिनीचा निरोप : नारायणराव बालगंधर्वांचे नाट्यजीवन

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात एक प्रश्न प्रेक्षकांनी सुमारे चाळीस वर्षे सतत विचारला. नाटक कोणाचे, नाटककार कोण, पदांच्या चाली कोठून आल्या, हे प्रश्न त्याच्यापुढे दुय्यम ठरत. प्रश्न असा होता की, नारायणराव राजहंस ही भूमिका आणखी किती दिवस करणार ? आरंभी ह्या प्रश्नात धास्ती होती. मध्यंतरी त्यात कुतूहल आले. अखेरच्या काळात त्याला एक अवघडलेली करुणा चिकटली. ह्या तिन्ही अवस्था लक्षात घेतल्यावाचून बालगंधर्वांच्या जीवनाचा अर्थ लागत नाही, आणि त्यांच्याकरिता लिहिल्या गेलेल्या नाट्यकृतींचाही नीटसा लागत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. सांगलीजवळचे नागठाणे हे त्यांचे गाव. लहानपणीच त्यांचा गळा लोकांच्या कानी आला. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना बालगंधर्व ही पदवी दिली, अशी परंपरा आहे. जळगावी मेहबूबखाँ ह्यांच्याकडे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. पुढे भास्करबुवा बखले ह्यांची तालीम मिळाली आणि गायनाला खरी शिस्त लागली ती तेथे.

त्यांच्या रंगभूमीवरील प्रवेशाची पार्श्वभूमीही एका जाण्याचीच होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि १८८२ मध्ये सौभद्र. त्या मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला, सुभद्रा अशा भूमिकांवर प्रेक्षकांना वेडे केले. वय वाढल्यावर भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले आणि १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. किर्लोस्कर मंडळीला ही पोकळी चार वर्षे जाचली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे लक्ष नारायणाकडे गेले होते. त्याच्या कानाच्या विकारावर मिरजेस उपचार झाले ते महाराजांच्याच पुढाकाराने. १९०५ मध्ये मिरजेसच सतरा वर्षांचा नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला. गेलेल्या नटाची जागा भरून काढण्यासाठी आलेला हा मुलगा पुढे स्वतःच न भरता येणारी जागा होऊन बसला.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे मानापमान रंगभूमीवर आले. त्या दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग होणार की नाही, ह्या विवंचनेत मंडळी असता त्यांनी तो करण्याचा आग्रह धरला आणि रात्री भामिनी होऊन ते उभे राहिले. ही कथा पुढे इतक्या वेळा सांगितली गेली की, तिला आख्यायिकेचा रंग चढला. तिच्यातील कठोरपणा मात्र त्यामुळे कमी होत नाही. नट आपल्या प्रेक्षकांचा किती बांधील झाला होता, हे त्या एका रात्रीत दिसून आले, आणि पुढील साऱ्या आयुष्याची किल्लीही बहुधा तेथेच आहे.

मानापमान हे वाङ्मय म्हणून वाचले असता त्याचे यश चटकन उलगडत नाही. संपत्तीच्या अभिमानाने एका शूर पण निर्धन सेनानीचा अव्हेर करणारी तरुणी अखेर त्याच्यावरच अनुरक्त होते, एवढेच कथानक. संवाद सफाईदार आहेत. पदे मात्र कविता म्हणून क्वचितच टिकतात, कारण ती आधी ठरलेल्या चालींच्या मापाने बेतलेली आहेत. गोविंदराव टेंबे ह्यांनी उत्तरेकडील ठुमरी-होरी अंगाच्या चाली ह्या नाटकासाठी निवडल्या आणि शब्दांना त्या स्वरांच्या मागून जावे लागले. त्यामुळे अन्वय मोडतो, अनुप्रास पुढे येतो आणि अर्थ अंधुक होतो. समीक्षकांनी ह्याबद्दल खाडिलकरांना बोल लावला तो निराधार नव्हे. परंतु ती पदे कागदासाठी रचलेली नव्हती. एका विशिष्ट कंठासाठी ती रचलेली होती, आणि त्या कंठातून येताना तुटलेला अन्वय सांधला जाई. नारायणरावांच्या गाण्यात शब्द कधी स्वराखाली दडपला गेला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. संहितेचा अर्धा भाग असा नटाच्या गळ्यात होता. म्हणूनच नट गेला तर नाटकाचे काय, ही प्रेक्षकांची धास्ती केवळ भाबडी म्हणता येत नाही.

ती धास्ती १९१३ मध्ये खरी ठरली. नानासाहेब जोगळेकरांच्या निधनानंतर किर्लोस्कर मंडळीतील कारभार विस्कटला होता आणि मालकी, मानधन व मानपान ह्यांवरून कुरबुरी वाढल्या होत्या. त्या वर्षीच्या जुलैमध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मराठी प्रेक्षकांना ह्या घटनेने दोन गोष्टी शिकविल्या. एक म्हणजे नट मंडळी सोडून जाऊ शकतो. दुसरी अधिक महत्त्वाची : तो गेला तर प्रेक्षक त्याच्यामागे जातात. किर्लोस्कर मंडळी लगेच संपली नाही. तरुण दीनानाथ मंगेशकर तेथेच नावारूपास आले, आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडून त्यांनी बळवंत मंडळी काढली. पण रंगभूमीचा मध्यबिंदू गंधर्व मंडळीकडे सरकला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला, आणि खाडिलकरांचे लेखनही तिच्याच वाटेने गेले.

त्यानंतरची सहा-सात वर्षे हा ह्या जीवनाचा सर्वांत समृद्ध काळ. १९१६ मध्ये देवलांचे संशयकल्लोळ आले, परंतु त्यापूर्वीच देवल दिवंगत झाले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वयंवर आले. ह्या नाटकाच्या चाली बखलेबुवांच्या. रागदारीतील भारदस्त बंदिशी त्यांनी रुक्मिणीच्या मुखी घातल्या आणि नाट्यसंगीताची पातळीच उंचावली. फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास एकच प्याला झाले, तेव्हा राम गणेश गडकरी ह्यांच्या निधनास महिनाही उलटला नव्हता. त्या नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. भामिनी आणि रुक्मिणी ह्यांच्या वैभवानंतर फाटक्या लुगड्यातली सिंधू हा मोठा पालट होता. बोडसांच्या सुधाकरासमोर ती निमूटपणे दळण दळते, आणि प्रेक्षागृहातील स्त्रिया आपलेच कोणी पाहत असल्यासारख्या रडतात, हे दृश्य अनेकांच्या स्मरणात राहिले. नारायणरावांचे लुगडे नेसणे, केसांतील फुले, बोलण्यातील आर्जव ह्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. पुरुषाने घडविलेली स्त्रीप्रतिमा स्त्रियांनीच आदर्श म्हणून स्वीकारावी, ह्या घटनेचा समाजशास्त्रीय उलगडा अद्याप पुरता झालेला नाही.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झाले. नारायणराव भामिनी, आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे दोन नायक एका रंगमंचावर आले होते आणि कोण कोणावर मात करतो, ह्याची पैज लावण्याइतकी उत्सुकता गावोगाव पसरली होती. केशवराव स्वतः बालपणी शारदेच्या भूमिकेत गाजलेले. पण त्यांनी स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिका आपल्याशा केल्या होत्या. त्या ऑक्टोबरात ते अकाली गेले. तेहतीस वर्षांचे नारायणराव भामिनीच राहिले.

येथून प्रश्नाचा सूर बदलतो. भाऊराव वळले, केशवराव वळले, दीनानाथ वळले. नारायणराव केव्हा वळणार? गुजराती रंगभूमीवर त्यांचे समकालीन जयशंकर ‘सुंदरी’ ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर फार वेगळ्या रीतीने दिले. १९३२ मध्ये, नाव कायम असताना, ते रंगभूमी सोडून आपल्या गावी गेले, आणि बऱ्याच वर्षांनी परतले ते मुख्यतः दिग्दर्शक म्हणून. हा विवेक नारायणरावांना साधला नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या खांद्यावर एक संपूर्ण मंडळी होती. द्रौपदी (१९२०) सारख्या नाटकांच्या डोळे दिपविणाऱ्या नेपथ्याने आणि एकंदर उधळ्या व्यवहाराने मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला होता. थिरकवाँसारखे तबलावादक आणि कादरबक्षांसारखे सारंगिये पदरी बाळगणारी ती संस्था होती. गणपतराव बोडस गेले होते, टेंबे त्याआधीच गेले होते. भामिनीने शालू उतरविला असता तर तिकिटे कोणी घेतली असती ? कर्ज फिटले ते ह्याच शालूच्या आधारावर, हे विसरता येत नाही.

मेनका (१९२६) आणि कान्होपात्रा (१९३१) ह्या नाटकांनी नवी पदे दिली. मास्टर कृष्णरावांच्या चालींनी कान्होपात्रेतील भक्तिरस घरोघर पोचविला. पण काळ बदलत होता. १९३१ मध्ये बोलपट आला, १९३२ मध्ये अयोध्येचा राजा मध्ये दुर्गाबाई खोटे दिसल्या, आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा ह्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाई बडोदेकर त्याआधीच रंगभूमीवर आल्या होत्या. स्त्री रंगमंचावर प्रत्यक्ष उभी राहिल्यानंतर स्त्रीपार्टी नटाचे स्थान कोणते, हा प्रश्न आता एकट्या नारायणरावांपुरता उरला नव्हता.

मंडळी थांबली आणि १९३५ मध्ये नारायणराव प्रभात कंपनीच्या धर्मात्मा ह्या चित्रपटात एकनाथ झाले. दिग्दर्शक शांताराम होते. चित्रपटाचे आधीचे नाव महात्मा, ते सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. ज्या निरोपाची लोक वाट पाहत वा भीती बाळगीत होते, तो आता झाला असे सर्वांना वाटले. झाले उलटे. रात्रीच्या प्रेक्षागृहातून उसळणारा वन्स मोअर स्टुडिओत नव्हता. एका पदाला दहा दहा वेळा वेगळे रूप देणाऱ्या गायकाला कॅमेऱ्याच्या मोजमापात बसणे जड गेले. प्रभातशी असलेला संबंध त्या एका चित्रपटानंतर संपला. बाबूराव पेंटरांच्या साध्वी मीराबाई (१९३७) मध्ये त्यांनी पडद्यावर स्त्रीभूमिकाही केली, पण रंगमंचावरील अंतर आणि दिव्यांची किमया ह्यांनी जे साधत असे, ते निकटच्या छायाचित्रणाने उघडे पाडले.

ते पुन्हा रंगभूमीवर आले. १९३८ पासून गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. गाण्यात त्या नारायणरावांच्या शैलीत इतक्या मुरलेल्या होत्या की, त्यांनी नायिकेच्या भूमिका घ्याव्यात आणि नारायणरावांनी पुरुषभूमिका, अशी मांडणी शक्य झाली. युक्ती तर्कशुद्ध होती. प्रेक्षकांनी ती मनापासून मान्य केली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे हे केव्हा थांबणार असे विचारले, त्यांनाच थांबलेले नारायणराव पाहवेनात. पन्नाशी उलटलेल्या, शरीराने जड झालेल्या नटाकडे त्यांनी सिंधूच मागितली, आणि प्रयोग संपल्यावर बाहेर पडताना हळहळही त्यांनीच व्यक्त केली. गोहरबाईंना ह्या उताराबद्दल दोष देण्याची प्रथा पडली. तिच्यात न्याय थोडा आणि सोय जास्त आहे. पन्नासच्या दशकातही ते लुगडे नेसून उभे राहत होते. डोळे मिटून ऐकणाऱ्यांना तेव्हाही भामिनी भेटे, असे जाणकार सांगत.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण ही सन्मानचिन्हे आली तेव्हा पाय अधू झाले होते. १९६४ मध्येच गोहरबाई निवर्तल्या. पुण्यात महानगरपालिकेने त्यांच्या नावाने रंगमंदिर बांधावयाचे ठरविले आणि १९६२ मध्ये त्याची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास नारायणराव वारले. रंगमंदिराचा पडदा पुढील वर्षी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी उघडला.