बाबूराव पेंटर

गुरुजींनी सांगितले की प्रत्येकाने एका थोर माणसाची माहिती लिहून आणा. वर्गात पुष्कळ जणांनी गाडगेबाबा आणि पंजाबराव देशमुख लिहिले, कारण ते आपल्या अमरावती जिल्ह्यातले. मी कोल्हापूरचे बाबूराव पेंटर लिहिले. कावून लिहिले ते शेवटी सांगतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. चित्रे काढायला ते मोठ्या शाळेत गेले नाहीत, स्वतःच शिकले. त्यांचे भाऊ आनंदराव हेही चित्रकार होते. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच नाव पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र हा शिनेमा काढला. आपणही शिनेमा काढावा असे या दोघा भावांच्या मनात आले. पण कॅमेरा विलायतेहून यायचा आणि लय महाग असायचा. मग त्यांनी तो घरीच बनवायला घेतला. काम अर्धे असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूराव थांबले नाहीत. त्यांनी आपले शिष्य दामले यांना सोबत घेतले आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला. हाताने दांडी फिरवली की आतली फिल्म सरकायची.

त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाची मदत केली. १९२० साली त्यांचा सैरंध्री हा चित्रपट पुण्यात लागला. राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती पुरुषच झाला होता, पण सैरंध्रीत बायांनीच बायांची कामे केली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

तेव्हाचे शिनेमे मुके होते. बोलणे पाटीवर लिहून पडद्यावर दाखवत. ज्याला वाचता येत नसे त्याने चित्र पाहूनच समजून घ्यायचे. म्हणून बाबूराव शिनेमाच्या आधी प्रसंगांची चित्रे कागदावर काढत आणि मग तसेच दृश्य उभे करत.

त्या वेळी बहुतेक शिनेमे देवांचे नाहीतर राजांचे असत. बाबूरावांनी १९२५ साली सावकारी पाश हा शिनेमा काढला. तो गरीब शेतकऱ्याचा होता. गोष्ट नारायण हरी आपटे यांची होती. शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. सावकार शेतकऱ्याची जमीन लुबाडतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. त्यात एक अंधारी झोपडी आहे आणि बाहेर कुत्रे रडते. शिनेमा मुका, तरी कुत्र्याचे रडणे लोकांना समजले. आमच्याकडेही रात्री कुत्रे रडले की माय उठून त्याला हाकलते.

हा शिनेमा जास्त चालला नाही. लोकांना देवांचे शिनेमे पाहायची सवय होती. पण बाबूरावांनी १९३६ साली तीच गोष्ट पुन्हा काढली, या वेळी बोलणारी. त्यांचे शिष्य दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी प्रभात कंपनी काढून मोठे नाव केले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव वारले.

आता कावून लिहिले ते सांगतो. गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगितली, ती मी घरी आबाजीला सांगितली. आबाजी लय वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या बापाने कर्जापायी कोऱ्या कागदावर अंगठा लावला होता. चार एकर वावर गेले. काळे वावर होते, पऱ्हाटी कमरेएवढी यायची. आबाजी शाळेत गेले नाहीत, लहानपणापासून दुसऱ्याच्या वावरात राबले.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी आबाजीला पाटीवर नाव लिहायला शिकवतो. पहिले अक्षर त्यांना चांगले जमते, पुढचे वाकडे होते. आता ते कोणत्याही कागदावर अंगठा लावत नाहीत. आधी मला वाचायला लावतात.

मी बाबूरावांचा शिनेमा पाहिला नाही. पण त्यांनी आमच्यासारख्या लोकांची गोष्ट पडद्यावर दाखवली म्हणून मला ते आवडतात. त्यांना माझा नमस्कार.

इयत्ता ४ थी