लिझ्यूच्या संत तेरेजेचे खरे मुख

या महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही घरोघरचे जुने फोटो मागविले, तेव्हा कित्येक मायबहिणींनी ते संकोचानेच आमच्या हाती ठेविले. आजीच्या लुगड्याला ठिगळ आहे, आजोबांचा चेहरा दुखण्याने ओढलेला आहे, तेवढे सुधारून छापावे, अशी त्यांची विनंती होती. त्या वेळी आम्हांस फ्रान्स देशातील मार्टिन कुटुंबाच्या फोटोंची आठवण झाली. त्या घरची धाकटी लेक म्हणजेच लिझ्यूची संत तेरेजा होय. तिची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. तिचे खरे मुख मात्र थोड्यांनीच पाहिले असेल.

तेरेजेचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी आलाँसों या गावी झाला. पिता लुई घड्याळजी होते व माता झेली जाळीची नाजूक लेस विणवून घेण्याचा व्यवसाय करीत असे. नऊ अपत्यांपैकी पाच मुलीच जगल्या. तेरेजा त्यांत शेंडेफळ. 1876 सालच्या फोटोत साडेतीन वर्षांची ही बालिका ओठ मुडपून, जणू आता रडणार अशी उभी आहे. पुढल्याच वर्षी मातेचे निधन झाले आणि पिता मुलींना घेऊन लिझ्यू येथे राहावयास गेले. 1881 सालच्या फोटोत आठ वर्षांची तेरेजा हाती उड्या मारण्याची दोरी घेऊन आपल्या सेलिन नावाच्या बहिणीशेजारी उभी आहे. एप्रिल 1888 मध्ये काढलेल्या फोटोत तिने मोठ्या स्त्रीप्रमाणे केस वर बांधले आहेत. त्याच महिन्याच्या 9 तारखेस, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती कार्मेल मठात दाखल झाली.

सेलिन मात्र घरीच राहिली. पित्यास मानसिक व्याधीने ग्रासले होते. पाच वर्षे तिने त्यांची चिंता वाहिली, आणि जुलै 1894 मध्ये त्यांनी देह ठेविल्यावर सप्टेंबरात तीही त्याच मठात आली. येताना तिने आपला कॅमेरा आणला. त्या वेळी मठाची वरिष्ठ त्यांचीच थोरली बहीण पोलिन होती. तिने कॅमेरा ठेवण्याची मोकळीक दिली. कडक एकांताच्या त्या मठात ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल! त्यामुळेच तेरेजेचे चाळीसांहून अधिक फोटो आज उपलब्ध आहेत. कोठे ती भगिनींसमवेत कपडे धूत आहे, कोठे गवत वाळवीत आहे, तर कोठे स्वतःच लिहिलेल्या नाटकात साखळदंडांनी जखडलेली संत जोन झाली आहे.

1896 च्या पवित्र गुरुवारी रात्री तेरेजेच्या मुखातून प्रथम रक्त आले. क्षयाने तिला गाठले होते. 7 जून 1897 रोजी सेलिनने तिला पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे केले. हाती दोन चित्रे आहेत, एक बाळ येशूचे व दुसरे प्रभूच्या पवित्र मुखाचे. कारण तिचे मठातील नावच बाळ येशूची व पवित्र मुखाची तेरेजा असे होते. चेहरा थकलेला आहे, डोळ्यांत वेदना आहे, परंतु दृष्टी स्थिर आहे. 30 सप्टेंबर 1897 रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तिने प्राण सोडला.

पुढल्या वर्षी तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले व तिची कीर्ती जगभर पसरली. लोकांना तिचे मुख पाहण्याची ओढ लागली. काचेवरील फोटोसाठी बराच वेळ निश्चल राहावे लागे. त्यामुळे बहिणीचा चेहरा ताठरतो, तिचे खरे रूप त्यात उतरत नाही, असे सेलिनला वाटे. म्हणून तिने फोटोंवर हात फिरवून चेहरा मृदू केला व स्वतः चित्रेही रंगविली. आपल्या भिंतीवरील गुलाबांची तसबीर याच चित्रांच्या वळणाची आहे. यात कपट नव्हते; बहिणीची माया होती. तेरेजेस 1925 मध्ये संतपद मिळाले. 1927 मध्ये, ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने, ती मिशनकार्याची आश्रयदाती झाली. सेलिन 1959 मध्ये वारली आणि 1961 मध्ये मूळ फोटो जसेच्या तसे प्रसिद्ध झाले.

आम्हांस विचाराल तर ते मूळ मुखच आम्हांस अधिक प्रिय वाटते. छळाने विद्रूप झालेले प्रभूचे मुख जिने आपल्या नावात धारण केले, तिच्या मुखावरील व्यथा झाकण्याचे कारण काय? भक्तांनो, गुलाबांची तसबीर भिंतीवरून काढू नका; परंतु तिच्याशेजारी 1897 सालचा तो फोटोही लावा. घरात दुखणेकरी असेल, तर त्यास तो मुद्दाम दाखवा.

आणि मायबहिणींनो, आपण दिलेले फोटो आम्ही होते तसेच छापले आहेत. ठिगळासकट.