बेभरवशाचा, पण लाडका!

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे गाव कोणाला ठाऊक नाही? १७२५ साली तिथे अहिल्याबाईंचा जन्म झाला. होळकरांची सून होऊन त्या माळव्यात गेल्या आणि तिथला कारभार त्यांनी असा केला, की त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं होत आली असताना, २०२४ साली, अख्ख्या नगर जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. नगर आणि इंदूर यांच्यातला हा जुना धागा. आज तोच धागा धरून इंदूरला जायचं आहे, पण राजवाड्यात नव्हे, मैदानावर. होळकरांच्या या गावात १७ डिसेंबर १९१४ रोजी एक मुलगा जन्मला. तो राजा नव्हता, संतही नव्हता. तो बॅट घेऊन मैदानात उतरला, की लोक हातातलं काम टाकून धावत. त्याचं नाव सय्यद मुश्ताक अली.

आपल्याकडे देवाला, आईला आणि खेळाडूला अरे-तुरे करण्याची रीत आहे. तेव्हा या लेखातही मुश्ताक एकेरीतच येणार. त्यात अनादर नाही, उलट जवळीक आहे.

तसं पाहिलं तर प्रत्येक घरात असा एखादा काका किंवा मामा असतो. थोरला भाऊ वेळेवर हप्ते भरतो, आजारपणात धावून येतो, लग्नकार्यात यादी करून सामान आणतो. धाकटा मात्र कधी उगवेल आणि कधी नाहीसा होईल, याचा नेम नाही. पण तो आला की घरात दिवाळी असते. मुलं थोरल्याचं ऐकतात आणि धाकट्याच्या अंगाखांद्यावर चढतात. घर चालतं थोरल्यामुळे, पण घरातल्या आठवणी बहुतेक धाकट्याच्या असतात.

खेळातही नेमकं हेच होतं. ब्राझीलच्या फुटबॉलवेड्यांना विचारा. पेलेला त्यांनी सम्राट मानलं, पण जीव लावला तो गारिंचाला. त्याचे पाय जन्मापासून वाकडे होते आणि त्याच पायांनी तो समोरच्या बचावपटूला चकवी. एकदा चकवून समाधान झालं नाही, तर परत येऊन पुन्हा चकवी. सरावाचा त्याला कंटाळा, शिस्तीशी वाकडं. दारूने त्याचा घात केला आणि १९८३ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, तो गेला. पण एक गंमत पाहा. पेले आणि गारिंचा हे दोघेही मैदानात असताना ब्राझील एकही सामना हरलं नाही. थोरला आणि धाकटा एकत्र उभे राहिले, तर घराला काय कमी पडणार?

भारतीय क्रिकेटमध्ये अशी जोडी होती. थोरला मुंबईचा विजय मर्चंट आणि धाकटा इंदूरचा मुश्ताक.

मुश्ताकला पोरवयातच हेरलं ते कर्नल सी. के. नायडू यांनी. नायडूंची नजर म्हणजे सोनाराची कसोटी. त्यांच्या हाताखाली हा उंच, सडपातळ पोरगा घडला. गंमत अशी, की जानेवारी १९३४मध्ये कलकत्त्याला, वयाच्या १९व्या वर्षी, तो पहिली कसोटी खेळला तेव्हा त्याची निवड डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून झाली होती. गोलंदाजी डाव्या हाताने आणि फलंदाजी उजव्या हाताने, असा त्याचा मामला. इतरांसारखं काहीच करायचं नाही, हे जणू तिथूनच ठरलं होतं.

त्याची फलंदाजी पुस्तकात बसणारी नव्हती. वेगवान गोलंदाज धावत येतोय आणि हा पठ्ठ्या क्रीज सोडून दोन पावलं पुढे! ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू सरळ उचलून लेगला भिरकावायचा. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा नव्हती. खेळपट्ट्या उघड्या असत, पावसात भिजत. फटका बसला तर मैदानात टाळ्यांचा कडकडाट; हुकला तर यष्टी उडालेली आणि मुश्ताक तंबूच्या वाटेवर. मधलं काही त्याला माहीतच नव्हतं.

१९३६ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होता विजयानगरमचा महाराजकुमार, म्हणजे विझी. खेळापेक्षा पैसा आणि ओळखीच्या जोरावर त्याला हे पद मिळालं होतं. संघात तट पडले होते. लाला अमरनाथला तर दौरा अर्धा असतानाच शिक्षा म्हणून घरी धाडण्यात आलं. मर्चंटला धावबाद केलंस तर सोन्याचं घड्याळ देईन, असं आमिष विझीने मुश्ताकला दाखवल्याचा किस्सा क्रिकेटवर्तुळात पुढे अनेक वर्षं सांगितला गेला. मुश्ताकने ते मर्चंटलाच जाऊन सांगितलं आणि दोघं पोट धरधरून हसले, असा त्या किश्श्याचा शेवट.

मँचेस्टरच्या कसोटीत दोघं सलामीला गेले. पहिल्या डावात मर्चंटने मारलेला चेंडू समोर उभ्या असलेल्या मुश्ताकच्याच बॅटवर आदळून वळला आणि बिचारा मुश्ताक धावबाद झाला! भारताचा डाव २०३ धावांत आटोपला. इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांचा डोंगर रचून डाव सोडला. ३६८ धावांनी मागे पडलेला संघ काय करील? तो जीव मुठीत धरून खेळेल. मुश्ताकने नेमकं उलटं केलं. सामन्याचा दुसरा दिवस संपला तेव्हा भारताच्या बिनबाद १९० धावा झाल्या होत्या आणि मुश्ताकचं शतक फळ्यावर लागलं होतं. शतक जवळ आलं असताना प्रतिस्पर्धी संघातल्या वॉली हॅमंडनेच त्याच्याजवळ येऊन जरा सबुरीने घ्यायला सुचवलं, इतका तो बेभान खेळत होता. शत्रूलाही ज्याची काळजी वाटावी, असा हा फलंदाज. परदेशात कसोटी शतक ठोकणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या दिवशी तो ११२ धावांवर बाद झाला तेव्हा भागीदारी २०३ धावांची झाली होती. मर्चंटने मग शांतपणे ११४ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला.

आता जरा हिशेबाची वही उघडू. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मर्चंटची सरासरी ७१.६४. जगात त्याच्या पुढे एकटा ब्रॅडमन. मुश्ताकने १३,२१३ धावा केल्या, ३० शतकं ठोकली, पण त्याची सरासरी ३५.९०. म्हणजे मर्चंटच्या जवळजवळ निम्मी! दुकानदाराच्या तराजूत घातलं तर एका मर्चंटला दोन मुश्ताक. निवड समितीकडे हाच तराजू असतो आणि त्यात त्यांची चूकही नाही. त्यांना सामना जिंकायचा असतो. प्रेक्षकाचा तराजू मात्र वेगळा. तो आठवडाभर साहेबाची बोलणी खाऊन, चार आणे वाचवून मैदानात येतो. त्याच्या आयुष्यात धोका पत्करण्याची सोय नसते. नोकरी आहे, पोरंबाळं आहेत. जे आपल्याला कधीच जमणार नाही, ते कोणीतरी आपल्या वतीने, आपल्या डोळ्यांसमोर करावं, एवढीच त्याची इच्छा असते. मुश्ताक क्रीज सोडून पुढे सरसावला, की त्याच्याबरोबर स्टँडमधली हजारो माणसं दोन पावलं पुढे सरत. तो बाद झाला, तर त्यातही आपलंच काहीतरी गेल्याची हळहळ असे. बेभरवशाचा असूनही तो लाडका होता, असं म्हणणं अपुरं आहे. बेभरवशाचा होता, म्हणूनच तो लाडका होता.

हे प्रेम किती टोकाचं होतं, ते १९४५च्या नोव्हेंबरात कलकत्त्याने दाखवलं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सेनादलांचा संघ भारतात आला होता. कलकत्त्याच्या सामन्यासाठी मुश्ताकला वगळण्यात आलं. बातमी फुटली आणि लोक खवळले. निवड समितीचे अध्यक्ष दुलीपसिंहजी यांना जमावाने घेरलं. मुश्ताक नसेल तर सामनाच होऊ देणार नाही, अशा घोषणांनी परिसर दणाणला. अखेर निवड समितीला नमतं घ्यावं लागलं आणि मुश्ताक संघात आला.

क्षणभर थांबून तो काळ आठवू. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यावरून त्याच महिन्यात कलकत्ता पेटलं होतं. मुंबईत तेव्हा हिंदू, मुस्लिम, पारशी अशा धर्मवार संघांच्या स्पर्धा भरत आणि मुश्ताक मुस्लिम संघातून खेळे. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती. अशा दिवसांत मुश्ताकसाठी रस्त्यावर आलेल्या त्या गर्दीला त्याचा धर्म आठवला नाही, फक्त त्याचे फटके आठवले. त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांनी, १९४६च्या ऑगस्टमध्ये, त्याच शहरात माणसांनी माणसं कापली. एका फलंदाजावरच्या प्रेमाने इतिहास थांबत नाही, हे खरं. पण ते प्रेमही तितकंच खरं होतं.

फाळणी झाली. मुश्ताक इंदूर सोडून कुठेही गेला नाही. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या वेळी थोरल्या भावाचं निधन झालं आणि त्याचा दौरा हुकला. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर मुश्ताक कसा खेळला असता, हे पाहायचं राहूनच गेलं. मग १९४८-४९मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला आणि पुन्हा कलकत्ता! पहिल्या डावात ५४, दुसऱ्या डावात १०६. फाळणीनंतरच्या त्या कलकत्त्याने त्याच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ज्या गावाने त्याच्यासाठी भांडण काढलं होतं, त्या गावाचं देणं त्याने असं फेडलं.

इकडे घरच्या मैदानावर यशवंतराव होळकरांनी जमवलेला संघ म्हणजे एक दरबारच होता. नायडू कर्नल, मुश्ताक कॅप्टन. होळकरांच्या फौजेतली ही पदं. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, पुढे भाऊसाहेब निंबाळकर अशी एकाहून एक मंडळी त्यात होती. मराठी तर त्या संघात घरोघरची भाषा. या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पण सांगण्यासारखा सामना आहे तो हरलेला. १९४४-४५ची अंतिम लढत मुंबईशी होती. युद्धामुळे भारतात आलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. हा कॉम्प्टन आर्सेनलचा फुटबॉलपटूही होता आणि स्वभावाने मुश्ताकचाच भाऊ. मुश्ताकने दोन्ही डावांत शतकं ठोकली, १०९ आणि १३९. कॉम्प्टन नाबाद २४९. तरीही होळकर ३७४ धावांनी हरले, कारण पलीकडे मर्चंट होता आणि त्याने एकट्याने २७८ धावा केल्या होत्या! थोरला आणि धाकटा समोरासमोर आले, की बहुधा असंच होतं. सामना थोरला नेतो.

मुश्ताकच्या वाट्याला अवघ्या ११ कसोटी आल्या. त्यातली पहिली १९३४ची आणि शेवटची १९५२ची. मधली ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली, उरलेल्यांतली काही निवड समित्यांनी. एकूण धावा ६१२, शतकं दोन. पण त्याची शेवटची कसोटी कोणती? फेब्रुवारी १९५२ची मद्रासची, भारताने जिंकलेली पहिली कसोटी! निरोपाची वेळ तरी नशिबाने बरोबर साधली.

लहरी खेळाडू घरीही लहरी असतो, असा आपला समज. गारिंचाने तो खरा करून दाखवला. मुश्ताकने खोटा ठरवला. मैदानाबाहेर तो अदबशीर, शांत गृहस्थ होता. १९६४ साली त्याला पद्मश्री मिळाली. १९६७ साली त्याचं आत्मचरित्र निघालं. मुलगा गुलरेझ आणि नातू अब्बास हेही प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. १८ जून २००५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षात, इंदूरलाच त्याने डोळे मिटले. सारी जोखीम त्याने बावीस यार्डांत उधळून टाकली होती. बाहेरच्यासाठी शिल्लकच ठेवली नव्हती.

पुढे देशात वीस षटकांचं क्रिकेट आलं. पहिल्या चेंडूपासून पुढे सरसावणं, ऑफचा चेंडू लेगला भिरकावणं, ज्याला त्याच्या काळात उतावळेपणा म्हणत, ते आता रीतसर शिकवलं जाऊ लागलं. राज्याराज्यांतल्या या स्पर्धेला नाव मिळालं सय्यद मुश्ताक अली करंडक. सरासरीच्या तराजूत हलका ठरलेला माणूस असा एका अख्ख्या खेळप्रकाराचा कुलपुरुष झाला.

डिसेंबर २०२४मध्ये बंगळूरला या करंडकाची अंतिम लढत झाली. एका बाजूला होळकर संघाचा वारसा सांगणारा मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला मर्चंटची मुंबई. पुन्हा धाकटा आणि थोरला! करंडक मुंबईने नेला. स्पर्धेत सर्वाधिक ४६९ धावा करून मालिकावीर ठरला तो अजिंक्य रहाणे. मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातला. सरळ बॅट, संयम, पडझड झाली की एक बाजू लावून धरणं. उभी कारकीर्द ज्याने मर्चंटच्या घराण्यात काढली, तो हा फलंदाज वयाच्या ३६व्या वर्षी मुश्ताकच्या नावाच्या स्पर्धेत मुश्ताकसारखा पुढे सरसावून खेळला.

प्रत्येक थोरल्याच्या आत एक धाकटा दडलेला असतो, तो असा कधीतरी बाहेर येतो. आज रविवार आहे. घरातल्या धाकट्याने पुढे सरसावून फटका मारला आणि काच फुटली, तर ओरडण्यापूर्वी एवढं तरी पाहावं, की फटका कसा होता.