रमाबाई रानडे आणि परिचारिकेची वाट

सांबऱ्यात गणपतीच्या वर्गणीसाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा बायाबापड्या आधी आमच्या भाचीची चौकशी करतात. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करून तिने खेड्यापाड्यांत लसीकरण केले, बाळंतिणींची काळजी घेतली, कोरोनात दारोदार फिरली. आता मात्र वॉर्डातला अनुभव नाही म्हणून मोठ्या दवाखान्यांत तिची ही वर्षे कोणी धरत नाही. म्हणूनच यंदा स्मरणिकेसाठी चरित्र निवडताना आम्हाला रमाबाई रानडे आठवल्या.

रमाबाईंचा जन्म देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यात, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. तोवर त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी घरीच शिकवायला सुरुवात केली. मराठीनंतर इंग्रजी सुरू झाले, तसे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणेही सुरू झाले. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्या दुःखातून सावरून रमाबाईंनी उरलेले आयुष्य स्त्रियांच्या कामाला वाहिले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले. शिकवण्या, शिवणकाम यांच्या जोडीला त्यांनी परिचारिकेचे शिक्षण हाती घेतले आणि मुलींना ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी पाठवले.

त्या काळी हे सोपे नव्हते. परक्या माणसाचे अंग पुसणे, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणे, रात्रपाळी करणे हे पांढरपेशा घरांत कमीपणाचे समजत. एका समारंभात केशवपन केलेली, आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाईंनी त्या शिकलेल्या पोरांना भर सभेत खडसावले.

रमाबाईंनी सेवा रुग्णालयाच्या चार भिंतींत ठेवली नाही, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या आजारी वारकऱ्यांची शुश्रूषा करीत. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांनाही त्या जाऊन भेटत. दुष्काळाच्या मदतीला गुजरात-काठेवाडात गेल्या. रोगी दारात येण्याची वाट न पाहता आपण त्याच्यापर्यंत जायचे, हेच आजचे सार्वजनिक आरोग्य. १९२४ साली रमाबाई गेल्या, पण ती वाट राहिली.

आज त्या वाटेवर पदेही आहेत. तीन वर्षांच्या कोर्सनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते आणि पुढे एम. एस्सी.ला सामुदायिक आरोग्य हा स्वतंत्र विषय घेता येतो. आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिकांना नेमतात. तिथे घरोघर फिरून आलेली जाण कामाला येते. आम्ही भाचीला हेच सांगितले. तिने आता पोस्ट बेसिकचा अर्ज भरला आहे.

गावागावांत पायपीट करणाऱ्या अशा सर्व लेकीसुनांना गणराय बळ देवो. रमाबाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.