डोळ्यांत भिंग बसविणारे सर हॅरल्ड रिड्ले

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं एक तरुणी आमच्यापुढें येऊन नमस्कार करून उभी राहिली. चेहरा ओळखीचा वाटे, पण नांव कांहीं केल्या आठवेना. शेवटीं तिनेंच ओळख दिली. पहिल्या बांकावर बसणारी, जाड चष्म्याची, व चष्मा घरीं विसरल्यास फळ्यावरील एक अक्षरही न दिसणारी आमची जुनी विद्यार्थिनी ती हीच, हें ऐकून आम्ही थक्क झालों. कारण आज तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. लेसर किरणांची शस्त्रक्रिया केली असेल, असा आम्हीं तर्क केला. तो चुकीचा निघाला. तिच्या चष्म्याचा नंबर उणे अकरा होता आणि डोळ्यांचा समोरील पारदर्शक पडदा, ज्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो जात्याच पातळ होता. लेसरनें हाच पडदा तासून नंबर घालवावयाचा असतो. तेव्हां तिच्या बाबतींत तो मार्ग बंद होता. म्हणून डॉक्टरांनीं तिचा नैसर्गिक नेत्रमणि जागच्या जागीं ठेवून त्याच्या पुढें, डोळ्याच्या आंत, एक नाजूक भिंग बसविलें होतें.

जिवंत डोळ्याच्या आंत बाहेरची वस्तु ठेवावी आणि ती तेथें सुखानें राहावी, ही कल्पना प्रथम कोणास सुचली असेल? तिला काय किंमत द्यावी लागली असेल? या प्रश्नांचें उत्तर एका इंग्रज शस्त्रवैद्याच्या चरित्रांत आहे. तें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस सादर करावें असें आम्हांस वाटतें.

निकोलस हॅरल्ड लॉइड रिड्ले यांचा जन्म ता. १० जुलै १९०६ रोजीं इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत किब्वर्थ या गांवीं झाला. त्यांचे वडीलही डोळ्यांचे शस्त्रवैद्य होते. म्हणजे हा व्यवसाय घरांतूनच चालत आलेला होता. त्यांच्या मातोश्रींची सुप्रसिद्ध फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंशीं ओळख होती, व लहानपणीं हॅरल्ड त्या वृद्ध बाईंच्या मांडीवर बसले होते, असें सांगतात. बालपणीं त्यांची जीभ अडखळत असे. बोलण्याचें हें वैगुण्य त्यांनीं पुढें मोठ्या प्रयासानें झांकलें. परंतु चारचौघांत वाद घालण्याचा त्यांचा पिंड मात्र झाला नाहीं. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

चार्टरहाउस शाळेंत व केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजांत शिक्षण झाल्यावर त्यांनीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत वैद्यकाचा अभ्यास पुरा केला. १९३८ सालीं ते मूरफील्ड्स या प्रख्यात नेत्ररुग्णालयांत शस्त्रवैद्य झाले. १९४१ त त्यांचा विवाह झाला. तोंवर महायुद्ध पेटलें होतें. सैन्याच्या वैद्यकीय खात्यांतर्फे ते प्रथम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें गेले. हाच देश हल्लीं घाना या नांवानें ओळखला जातो. तेथें काळ्या माशीच्या दंशानें शरीरांत शिरणारे सूक्ष्म कृमि नदीकांठच्या लोकांचे डोळे कसे घालवितात, याचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास करून १९४५ सालीं त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांची नेमणूक हिंदुस्थान व ब्रह्मदेश या बाजूस झाली. जपान्यांच्या कैदेंतून सुटलेल्या शिपायांची दृष्टि निकस अन्नामुळें मंदावलेली होती. अशा अनेकांचे डोळे त्यांनीं तपासले.

परंतु ज्या गोष्टीनें त्यांचें नांव अजरामर केलें, तिचा उगम युद्धाच्या आरंभींच झाला होता. ऑगस्ट १९४० मध्यें इंग्लंडच्या आकाशांत घनघोर विमानयुद्ध चाललें असतां गॉर्डन क्लीव्हर नांवाच्या एका तरुण वैमानिकाच्या विमानावर गोळ्या आदळल्या. बसण्याच्या जागेवरील पारदर्शक झांकण फुटून त्याचे बारीक तुकडे क्लीव्हरच्या दोन्हीं डोळ्यांत घुसले. हें झांकण कांचेचें नसून पर्स्पेक्स नांवाच्या कृत्रिम पदार्थाचें होतें. उजवा डोळा गेला. डाव्यांत कांहीं तुकडे तसेच राहिले. क्लीव्हरवर पुढें अनेक शस्त्रक्रिया झाल्या, व त्यांच्या निमित्तानें रिड्ले यांस त्याचे डोळे पुनः पुनः पाहावयास मिळाले. सामान्यतः डोळ्यांत परकी वस्तु गेली कीं डोळा लाल होतो, सुजतो व शेवटीं निकामी होतो. येथें मात्र पर्स्पेक्सचा तुकडा एका जागीं स्थिर असला, त्याची धार नाजूक भागास लागत नसली, तर वर्षानुवर्षें डोळा त्याबद्दल तक्रार करीत नाहीं, असें त्यांस आढळून आलें. असे जखमी वैमानिक इतरही डॉक्टरांनीं पाहिले होते. पण त्यांपैकीं कोणीं त्यांतून पुढचा प्रश्न काढला नाहीं.

हा पुढचा प्रश्न समजण्यासाठीं मोतीबिंदूची थोडी माहिती पाहिजे. आपल्या बाहुलीच्या मागें मसुराच्या डाळीसारखा फुगीर व स्वच्छ असा नेत्रमणि असतो. तो प्रकाशकिरण वांकवून मागील पडद्यावर चित्र उमटवितो. हा मणि गढूळ झाला म्हणजे त्यास मोतीबिंदू म्हणतात. त्या काळीं शस्त्रवैद्य गढूळ मणि काढून टाकीत व रोग्यास घरीं पाठवीत. पण मणि गेला म्हणजे किरण वांकविण्याची शक्तीही गेली! ती भरून काढण्यासाठीं अतिशय जाड व जड चष्मा लावावा लागे. आमच्या आजीआजोबांच्या पिढींतील अशीं माणसें आम्हीं पाहिलेलीं आहेत. समोरची वस्तु मोठी दिसे, बाजूचें कांहीं दिसत नसे, आणि जिन्याची पायरी चुकून माणूस पडे. १९४८ च्या सुमारास अशीच एक शस्त्रक्रिया पाहून एका विद्यार्थ्यानें रिड्ले यांस विचारिलें कीं, काढलेल्या मण्याच्या जागीं दुसरा कां बसवीत नाहींत? प्रश्न बाळबोध होता. परंतु रिड्ले यांच्या मनांत बरेंच दिवस घोळत असलेल्या विचारास त्यानें चालना दिली. जो पदार्थ क्लीव्हरच्या डोळ्यांत निर्विघ्न राहिला, त्याचेंच भिंग कां न करावें?

भिंगें करणाऱ्या रेनर कंपनीचे जॉन पाइक यांच्याशीं त्यांनीं बोलणें केलें. अधिक शुद्ध असें पर्स्पेक्स मुद्दाम तयार करवून त्यापासून सुमारें सव्वाआठ मिलिमीटर व्यासाचें भिंग घडविलें गेलें. या शोधाबद्दल रिड्ले यांनीं स्वतःसाठीं कांहीं मोबदला ठेवला नाहीं. ता. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस इस्पितळांत पंचेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांत त्यांनीं तें प्रथम बसवून पाहिलें, आणि ता. ८ फेब्रुवारी १९५० रोजीं कायमचें बसविलें. हें सर्व गुप्तपणें चाललें होतें. कारण डोळ्यांतून परकी वस्तु काढणें हा ज्या शास्त्राचा धर्म, त्यांतच ती मुद्दाम आंत घालणें हें मोठें पाप समजलें जाई.

येथें आम्ही एक गोष्ट लपविणार नाहीं. हा पहिला प्रयोग पूर्ण यशस्वी झाला नाहीं. भिंग डोळ्यांत सुखानें राहिलें, पण त्याची शक्ति फार अधिक झाली. नैसर्गिक मण्याची गोलाई जशीच्या तशी उचलली गेली होती, आणि पर्स्पेक्स तर किरणांस मण्यापेक्षां कितीतरी अधिक वांकवितें. परिणामीं त्या बाईंस सुमारें उणे अठरा नंबरचा चष्मा लागला! थोर पुरुषांच्या चरित्रांत असे प्रसंग गाळण्याची कित्येक लेखकांस संवय असते. आम्हांस तर यांतच शिकण्याजोगें अधिक दिसतें. रिड्ले यांनीं चूक मान्य केली, गणित सुधारलें व काम पुढें चालविलें.

दोन वर्षें वाट पाहून, पुरेसे रोगी हातीं आल्यावर हा शोध जाहीर करावा, असा त्यांचा बेत होता. पण एक रोगी चुकून त्यांच्याच आडनांवाच्या दुसऱ्या नेत्रवैद्याकडे गेला व बिंग फुटलें. तेव्हां जुलै १९५१ मध्यें ऑक्सफर्ड येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेंत रिड्ले यांनीं आपला निबंध वाचला. भिंग बसविलेले रोगीही त्यांनीं बरोबर आणले होते. त्यांस वाटलें होतें कीं, समव्यवसायी आनंदानें पाहतील. घडलें उलटेंच. त्या काळचे सर्वांत मोठे नेत्रवैद्य सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनीं त्या रोग्यांचे डोळे तपासण्यास साफ नकार दिला. पुढल्या वर्षीं अमेरिकेंतही कित्येकांनीं असाच कठोर विरोध केला. अडखळत्या जिभेशीं झगडून मोठा झालेला हा मितभाषी गृहस्थ भांडण्यास निर्माण झालेला नव्हता. तो अपमान त्यांस आयुष्यभर सलत राहिला.

विरोधकांचें म्हणणें सर्वस्वी खोटें होतें, असें मात्र नाहीं. पहिलीं भिंगें जड होतीं. कांहीं डोळ्यांत तीं जागा सोडून मागें घसरलीं. भिंगें निर्जंतुक करण्यासाठीं वापरलेल्या द्रव्याचा अंश मागें राहून कांहीं डोळे सुजले. कांहीं भिंगें परत काढावीं लागलीं. दोष दाखविणें हें विरोधकांचें कर्तव्यच होतें. परंतु पाहण्याचेंच नाकारणें हा त्यांचा अपराध होय. रिड्ले यांनीं काम सोडलें नाहीं. त्यांचे सहकारी पीटर चॉइस यांच्यासह त्यांनीं १९६६ सालीं या विषयांत काम करणाऱ्यांचें एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. देशोदेशींच्या वैद्यांनीं भिंग हलकें केलें व त्यास टेकू देण्याच्या युक्त्या काढल्या. १९७१ त रिड्ले निवृत्त झाले, तरी त्यांच्या पदरीं अद्याप मान पडला नव्हता. १९८१ सालीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें अशीं भिंगें मान्य केलीं. १९८६ सालीं रॉयल सोसायटीनें रिड्ले यांस आपलें सभासद करून घेतलें. वृद्धापकाळीं त्यांच्या स्वतःच्या दोन्हीं डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि ज्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांनीं पहिलें भिंग बसविलें, तेथेंच त्यांच्या डोळ्यांत भिंगें बसविलीं गेलीं. वैमानिक क्लीव्हर याच्या उरलेल्या डोळ्यासही पुढें असेंच भिंग लाभलें. सन २००० मध्यें राणीनें रिड्ले यांस सर ही पदवी दिली, तेव्हां त्यांचें वय त्र्याण्णव वर्षांचें होतें. ता. २५ मे २००१ रोजीं त्यांचें निधन झालें.

आज जगांत दरवर्षीं कोट्यवधि डोळ्यांत अशीं भिंगें बसतात. आपल्या तालुक्याच्या गांवीं भरणाऱ्या नेत्रशिबिरांतून दुसऱ्या दिवशीं पट्टी सोडून स्वतःच्या पायांनीं एस. टी. कडे चालत जाणारी म्हातारी रिड्ले यांचें नांव जाणत नाहीं. पण ती त्यांचीच ऋणी आहे.

आतां आमच्या विद्यार्थिनीकडे वळूं. तिला मोतीबिंदू नव्हता. नैसर्गिक मणि शाबूत ठेवून केवळ नंबर घालविण्यासाठीं भिंग बसविण्याचा प्रयत्न इटलींतील स्ट्रांपेली यांनीं १९५३ च्या सुमारास केला. पण त्या भिंगांनीं कित्येकांच्या कॉर्नियास इजा होऊन तो मार्ग बराच काळ मागें पडला. १९८६ सालीं मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह यांनीं मऊ भिंग वापरून पाहिलें. पुढें कोलॅमर नांवाच्या मृदु पदार्थाचें, घडी घालून सुमारें तीन मिलिमीटरच्या छेदांतून आंत सरकविण्याजोगें भिंग निघालें. तें रंगीत पडद्याच्या मागें व मण्याच्या पुढें बसतें. कॉर्निया तासावा लागत नाहीं, आणि जरूर पडल्यास भिंग परत काढतां येतें, हे त्याचे मोठे गुण होत.

तरी तिनें आम्हांस जें सांगितलें तें आमच्या चष्मेवाल्या मुलांनीं नीट ऐकावें. भिंग व मणि यांमधील अंतर योग्य आहे कीं नाहीं हें पाहावें लागतें. तें फार कमी असल्यास मोतीबिंदू होण्याचें भय असतें, व फार अधिक असल्यास डोळ्यांतील दाब वाढूं शकतो. कॉर्नियाच्या आंतील पेशी एकदां गेल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. म्हणून त्यांची मोजणी करावी लागते. रात्रीं मोटारींच्या दिव्यांभोंवतीं तिला फिकट वलयें दिसतात. शिवाय चष्मा गेला तरी लांबट झालेला डोळा लांबटच राहतो. मागील पडदा निसटण्याचा धोका कायम असतो. म्हणून ती दर वर्षीं न चुकतां तपासणीस जाते. चाळिशी आली कीं वाचावयास चष्मा लागेल, हेंही ती जाणून आहे. आणि नंबर वाढत असण्याच्या वयांत, म्हणजे शाळेंतील मुलांस, ही शस्त्रक्रिया करीत नाहींत.

आमच्या वर्गांत आजही पहिल्या बांकावर जाड चष्म्याचीं दोन मुलें बसतात. त्यांस कोणी चिडविलें तर तीं मान खालीं घालतात. त्यांच्यासाठीं हा लेख आम्हीं विशेषेंकरून लिहिला आहे. चष्मा लावण्यांत लाज नाहीं, आणि तो पुढें सुटला तर त्यांत आपली फुशारकीही नाहीं. एका अबोल माणसानें तीस वर्षें सोसलेल्या उपेक्षेचें तें फळ आहे. आणि वर्गांत ज्यांस बाळबोध प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो, त्यांनीं सेंट टॉमस इस्पितळांतील त्या विद्यार्थ्याची आठवण ठेवावी. आम्ही शिक्षकांनीं तर ती त्याहूनही अधिक ठेवावी; कारण असा प्रश्न ऐकून हंसावयाचें किंवा त्याचा विचार करावयाचा, हें बहुधा आमच्याच हातीं असतें.