आचऱ्याचे वास्तुशिल्पी अच्युत कानविंदे

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव काही वर्षांच्या अंतराने जागचे हलते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला, की माणसे घरे मोकळी ठेवून गुराढोरांसह वेशीबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या राहुट्यांत संसार थाटतात. हीच गावपळण. याच आचऱ्यात ९ फेब्रुवारी १९१६ रोजी अच्युत कानविंदे यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारतातील आधुनिक वास्तुकलेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. गावपळणीचा त्यांच्यावर संस्कार झाला, असे म्हणण्याचे धाडस करू नये. मात्र वास्तू जागच्या जागी उभी असली तरी तिच्यातून काहीतरी सतत चालत, वाहत असते, याचे भान त्यांच्या साऱ्या कामात दिसते.

वडील चित्रकार असल्याने रेषेची ओळख घरातच झाली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली वास्तुविद्येचे शिक्षण घेऊन १९४२ साली ते बाहेर पडले. १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे त्यांनी नव्या वास्तुविचाराचे धडे घेतले. परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे वास्तुशिल्पी म्हणून त्यांनी काम केले. १९५५ साली शौकत राय यांच्या भागीदारीत त्यांनी दिल्लीत स्वतःचा व्यवसाय थाटला.

त्यांची दृष्टी समजून घ्यायची तर दोन वास्तू पाहाव्यात. पहिली कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे तिचे पहिले संचालक. काँक्रीटचा सांगाडा आणि विटांच्या भिंती, असा साधाच मालमसाला. पण ग्रंथालय, व्याख्यानगृहे आणि अध्यापकांच्या इमारती त्यांनी उंचावरील मार्गिकांनी जोडल्या. विद्यार्थी वाहनांच्या वाटेत न येता एका इमारतीतून दुसरीत जातो. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सावलीतल्या वाटेचे मोल सांगावयास नको.

दुसरी वास्तू म्हणजे गुजरातेतील मेहसाण्याची दूधसागर डेअरी. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती उभी राहिली. दूध वरून खाली आपल्याच भाराने उतरत जावे आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्यावरील एकेक प्रक्रिया उरकावी, अशी तिची रचना आहे. कोंडलेली उष्ण हवा निघून जावी म्हणून छपरावर धुराड्यांसारखे वायुवीजनाचे मनोरे उभारले आणि तेच त्या वास्तूचे रूप ठरले. शोभेसाठी वेगळे काही चिकटविण्याची गरज उरली नाही.

१९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र हे त्यांचेच काम. २८ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

या शैलीवर आक्षेप नाहीत असे नाही. उघडे काँक्रीट आपल्या दमट हवेत काळवंडते, आणि सामान्य माणसाला ते रुक्ष वाटते. कानविंदे यांनाही निव्वळ उपयुक्ततेची मर्यादा उमगली असावी. प्रारंभीच्या कोरड्या चौकोनांकडून ते पुढे अंगणे, उतार, सावल्या यांच्याकडे वळले. आपल्या मताला चिकटून न राहण्याचा हा मोठेपणा नोंदविण्याजोगा आहे.

खेदाची गोष्ट ही, की त्यांच्या जन्मभूमीने हा विचार घेतला नाही. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पडवी आणि खळे यांत पाऊस व वारा यांचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब होता. तो मोडून आपण सपाट स्लॅब घातले. ते गळू लागले, तेव्हा त्यांवर पत्रे ठोकले. कित्येक शाळा नि कचेऱ्या आज अशा दुहेरी छपराखाली तापत असतात आणि त्यांत मुले व कारकून घाम पुसत दिवस काढतात. हा दोष काँक्रीटचा नव्हे. इमारत बांधताना तिच्यात वावरणाऱ्याचा विचार न करण्याचा आहे.

आचऱ्याच्या या सुपुत्राचे स्मारक उभारावे, असे कुणाला वाटेल. त्यापेक्षा या तालुक्यात पुढची जी शाळा बांधली जाईल, तिचा आराखडा करणाऱ्याने आधी भर पावसात आणि भर वैशाखात त्या जागी उभे राहून पाहावे. कानविंदे यांना तेवढी आदरांजली पुरेशी होईल.